खोली मिळेल का? कॉलेजातल्या सहजीवनाबद्दल बडोद्याच्या घराघरांतून येणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की दांडिया बाजारातल्या आमच्या घरचा फोन सकाळपासून वाजायला लागतो. बावीस वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला. त्यातली नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. आता निवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून मुलांशी जात, धर्म, वंश, लिंगभाव या विषयांवर बोलण्याचा एक उपक्रम चालवतो. फोन करणारे बहुतेक आपलेच मराठी पालक असतात. कुणी काळजीने विचारतं, कुणी रागाने. प्रश्न मात्र दरवर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

या उपक्रमात नेमकं काय करता?

महिन्यातून दोन शुक्रवारी संध्याकाळी बसून गप्पा. पावसाळा संपला की शहरातून एक पायी फेरी. वसतिगृहात नव्या मुलांना पहिले सहा आठवडे सोबत. मेसच्या वेळा, सणांच्या सुट्ट्या, खोलीतली भांडणं यांत मध्यस्थी. आणि बाहेरगावच्या मुलांना राहायला जागा शोधून देणं. हे शेवटचं काम आमच्या यादीत सुरुवातीला नव्हतंच. आज सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

बहुसांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे वेगवेगळे पोशाख आणि खाण्याचे स्टॉल ना?

तेही करतो. नागालँडची मुलगी शाल पांघरून मंचावर येते, केरळची मुलं पायसम करतात, आपली मुलं पुरणपोळी आणि लेझीम आणतात, फोटो छान येतात. पण मी रेक्टर असताना पाहिलं आहे, शनिवारी ज्या मुलीच्या शालीचं कौतुक झालं तिलाच सोमवारी मेसच्या रांगेत ‘चिनी’ म्हणून हाक मारली गेली. हाक मारणाऱ्या मुली वाईट नव्हत्या. त्यांच्यापैकी एकीने त्याच शनिवारी तिच्यासोबत फोटो काढला होता. तेव्हापासून आम्ही स्टॉल एका दिवसावर आणले आणि बाकीचं वर्ष बोलण्यासाठी ठेवलं.

ही अमेरिकेतून आलेली टूम आहे. आपल्याकडे कशाला?

नाव तिकडचं आहे, हे खरं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८पासून मार्च १९६९पर्यंत कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांनी संप केला. आमचा इतिहास शिकवा, आमच्या मुलांना प्रवेश द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून तिथे वांशिक समूहांच्या अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं, आणि पुढे अनेक विद्यापीठांत असे अभ्यासक्रम आणि केंद्रं निघाली.

पण नाव बाजूला ठेवा आणि बडोद्याकडे पाहा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५मध्ये दत्तक येऊन इथला राजा झाला. त्या सयाजीरावांनी १९०६मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शहरातली गायनशाळा १८८६ची, तिचे प्रमुख उस्ताद मौलाबक्ष. गाण्याची स्वरलिपी लिहून सामान्य घरातल्या मुलांना शिकवायचं धाडस या मुस्लिम उस्तादाने इथे केलं. आजच्या विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागाचं मूळ त्या शाळेत आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात तुमच्या आजोबांनी जोर-बैठका काढल्या असतील. ज्या उस्तादाचं नाव त्या आखाड्याला आहे ते जुम्मादादा मुस्लिम, आणि त्यांचा वारसा चालवणारे शिष्य प्रोफेसर माणिकराव. यातलं काहीही अमेरिकेतून आलेलं नाही.

पण आता अमेरिकेतच हे गुंडाळताहेत असं वाचलं. मग?

बरोबर वाचलंत. जून २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांतली समावेशनाची, म्हणजे सगळ्या समूहांतल्या मुलांना सामावून घेण्याचं काम करणारी, कार्यालयं कायद्याने बंद झाली. त्यावर तिकडे मोठा वाद चालू आहे.

बडोद्याच्या पालकांना मात्र मी दुसरी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथल्या दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिकडे शिकायला जातं. जानेवारी २०२२मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी केली. हे शब्द तिथे कुणामुळे घालावे लागले? आपण सूटकेसमध्ये लोणच्याच्या बरण्या आणि मेतकूट भरून देतो, त्यासोबत जातही जाते म्हणून. आपल्या मुलाला तिथे रंगावरून कुणी बोललं तर आपला जीव तुटतो. त्याच मुलाने तिथल्या खोलीत दुसऱ्या भारतीय मुलाचं आडनाव उकरून काढलं, तर ते आपल्या कानावर येतही नाही.

बडोदा पुरोगामी संस्थान. इथे जातीचा प्रश्न कधीच नव्हता ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा नेहमी अभिमानाने विचारतो. तो अभिमान मलाही आहे. म्हणूनच उत्तर लांब आहे.

१९१३मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार. करार पाळायला आंबेडकर १९१७मध्ये बडोद्यात आले. राजाने बोलावलेला माणूस, न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेला, हातात पदव्या. शहरात राहायला त्यांना जागा मिळेना.

हिंदू खाणावळीत कुणी घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले आणि तिथे पारशी नाव सांगून वरच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत राहिले. रोजचा दीड रुपया. रात्री त्या रिकाम्या इमारतीत वटवाघळं फिरायची. अकराव्या दिवशी सकाळी, ते कचेरीत जायला निघत असताना, काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर चढून आले. तू कोण आहेस, असा त्यांचा एकच प्रश्न होता, आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायचा हुकूम. आंबेडकरांनी आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर घरातले नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावं लागेल म्हणून टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास ते कामाठी बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आज कामाठी बागेतल्या त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि दर २३ सप्टेंबरला लोक तिथे जमतात. आमची पायी फेरी तिथेच संपते. मुलांना मी तिथे भाषण करत नाही. ‘इथून स्टेशन किती मिनिटांवर आहे?’ एवढंच विचारते, आणि मग आम्ही ते अंतर चालतो. चालताना मुलं आपापसात बोलायला लागतात, आणि त्यांचं बोलणं फिरून आपल्या भाड्याच्या खोल्यांवर येतं.

या हकिकतीत मला कायम अस्वस्थ करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती देणारा राजा होता, कायदा होता, हुकूम होता, तरी एका खोलीचं दार उघडलं नाही. वरची माणसं चांगली असणं पुरेसं पडलं नाही. आणि दुसरं म्हणजे, ज्यांनी हाकललं ते स्वतः एकेकाळी आसरा मागत गुजरातच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज होते. आपण संख्येने थोडे आहोत एवढ्याने कुणी निर्दोष ठरत नाही. हे मी आपल्या बडोदेकर मराठी मंडळींना फार जपून, पण दरवेळी सांगते.

वंशाचा प्रश्न आपल्याकडे कुठे आहे? तो तर गोऱ्या-काळ्यांचा.

आपल्या लग्नाच्या जाहिराती वाचा, ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द शोधावे लागत नाहीत.

शहरात आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून, बांगलादेशातून आलेले विद्यार्थी आहेत, ईशान्येकडच्या राज्यांतली मुलं आहेत. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून केलेल्या टिंगलीने झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी समजून घ्यायला बेझबरुआ समिती नेमली. वसतिगृहात ‘चिनी’ हाक ऐकली की मला तो मुलगा आठवतो, आणि मुलांनाही ही गोष्ट मी सांगते, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना ते नावसुद्धा माहीत नसतं.

दुसरी गोष्ट मी गुजरातमध्ये राहणाऱ्यांना सांगते. आफ्रिका आपल्यापासून लांब नाही. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपोरच्या डोंगरावर बावा गोरची दर्गा आहे, अकीकाच्या जुन्या खाणींच्या शेजारी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं ते श्रद्धास्थान. ते गुजराती बोलतात, त्यांचा ‘धमाल’ नावाचा नाच आता सरकारी महोत्सवांत मंचावर असतो. तरी सिद्दी मुलाला बडोद्यात पहिला प्रश्न ‘कुठल्या देशातून आलास?’ हाच असतो.

काही वर्षांपूर्वी टांझानियाच्या एका विद्यार्थ्याबरोबर मी खोली बघायला गेले होते. त्याचे वडील दार-ए-सलामला गुजराती व्यापाऱ्याकडे कामाला होते, त्यामुळे पोराचं गुजराती माझ्यापेक्षा सफाईदार. फोनवर बोलणं होऊन भाडं, अनामत सगळं ठरलं होतं. घर आपल्यातल्याच एका बाईंचं. आम्ही पोचलो, त्याने उंबऱ्याबाहेर बूट काढले. बाई दारात आल्या, हातात मेथी निवडायची ताटली. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘अहो ताई, माझ्या भाच्याने कालच कुणाला तरी शब्द दिला, मला ठाऊकच नव्हतं.’ तो म्हणाला, ‘वांधो नहीं, मासी.’ आणि खाली बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. एक नाडी त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधली. बाई आत गेल्या नाहीत आणि आत या असंही म्हणाल्या नाहीत. मी तिथे उभी होते आणि मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. ओळखीचं घर होतं, म्हणून गप्प बसले.

१९७२मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्यांत हजारो गुजराती कुटुंबं होती. त्यांच्या कहाण्या या शहरातल्या कितीतरी घरांत अजून सांगतात. त्या घरांनी तरी दारात आलेल्या आफ्रिकन मुलाला पाणी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

धर्माचं कसं करता? वसतिगृहात गणपती बसतो, नवरात्रात गरबा असतो. इतर धर्माच्या मुलांनी काय करायचं?

यायचं असेल तर यायचं, नसेल तर नाही. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, तो सज्ञान नसेल तर पालकांच्या संमतीशिवाय, प्रार्थनेत किंवा पूजेत भाग घ्यायला लावता येत नाही. राज्यघटनेच्या २८व्या कलमात हे स्पष्ट आहे. आम्ही गणपती बंद करा असं कधी म्हटलं नाही, मला स्वतःला आरतीशिवाय करमत नाही. आम्ही दोनच गोष्टी बघतो. वर्गणी सक्तीची नको. आणि आरतीला न आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी ‘का आली नाहीस?’ असं कुणी विचारायचं नाही. यायचं असलेल्यांना मात्र दाराशी टिळ्यावरून किंवा नावावरून कुणी पारखायचं नाही.

आमच्या सगळ्यात मोठ्या भांडणाचं मूळ देवघरात नव्हतं, मेसमध्ये होतं. जैन मुलींना सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मुलींना पहाटे सहरीला काहीतरी हवं असे. मेस साडेसातला उघडायची. दोन्ही गटांचे अर्ज माझ्याकडे वेगवेगळे आले, आणि दोघींच्या मनात असं की आपल्याला दिलं तर त्यांनाही द्यावं लागेल म्हणून मॅडम नाही म्हणताहेत. एका संध्याकाळी मी दोघींना एकत्र बसवलं. मेसच्या महाराजाला, म्हणजे स्वयंपाक्याला, बोलावलं. तो म्हणाला, ‘बेन, मला स्वयंपाक जास्त नको आहे, मला फक्त किल्ली कुणाकडे ते ठरवून द्या.’ प्रश्न किल्लीचा होता! डबे भरून ठेवायचे, किल्ली दोन मुलींकडे, एक जैन आणि एक मुस्लिम, आणि भांडी धुऊन जागेवर. तीन वर्षं ती किल्ली हरवली नाही. पर्युषणात रोजेवाल्या मुली डबे भरायला मदत करायच्या. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी कुणाकुणाच्या ताटात जायची, हे मी मोजायचं सोडून दिलं.

मांसाहाराचं अजून सुटलेलं नाही. अंड्यावरून दरवर्षी वाद होतो. वेगळा कट्टा, वेगळी भांडी यावर काही ठिकाणी निभावतं. पण वेगळ्या भांड्यांतून वेगळ्या माणसांपर्यंत जायला वेळ लागत नाही, म्हणून त्यावर आम्ही लक्ष ठेवून असतो.

आमच्या मुलांचं मन वळवाल का? धर्म, संस्कार सुटतील अशी भीती वाटते.

वळवणार नाही. आमच्या बैठकीत धर्मप्रसाराला आणि धर्माच्या टवाळीला, दोन्हींना मनाई आहे. उलट अनुभव असा की शेजारच्या मुलीने ‘तुम्ही हे का करता?’ असं विचारलं की आपली मुलगी पहिल्यांदा आजीला फोन करून बोडणाचा अर्थ विचारते.

लिंगभाव ओळख म्हणजे काय? सोप्या शब्दांत सांगा.

जन्माच्या वेळी शरीर पाहून मुलगा की मुलगी असं लिहिलं जातं. बहुतेकांना मोठेपणी ते पटतं. काहींना पटत नाही, आतून आपण वेगळे आहोत हे त्यांना लहानपणापासून जाणवतं. त्या आतल्या जाणिवेला लिंगभाव ओळख म्हणतात. कुणाबद्दल आकर्षण वाटतं हा त्याहून निराळा प्रश्न, आणि पालक हे दोन्ही नेहमी एक करतात.

ही माणसं आपल्याला नवी नाहीत. बहुचर माता कितीतरी बडोदेकर मराठी घरांची आराध्य देवता आहे. मेहसाणा जिल्ह्यातलं बहुचराजीचं मंदिर १८व्या शतकात गायकवाड घराण्यातल्या मानाजीरावांनी बांधलं, आणि तृतीयपंथीयांची ती देवी. बाळ झालं की त्यांचा आशीर्वाद घेतो, गुजरातीत आदराने ‘मासीबा’ म्हणतो. आशीर्वादाला दारात चालतात, तर वर्गात बाकावर का नकोत? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये तृतीयपंथीयांचे मूलभूत अधिकार मान्य केले. २०१९च्या कायद्याने शिक्षणसंस्थेत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. बडोद्यात तर लक्ष्य ट्रस्ट २०००पासून या समाजांत आरोग्याचं काम करतो आहे, राजपिपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल त्याच्या संस्थापकांपैकी.

ज्या विद्यापीठाचा आपल्याला अभिमान, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम लिहिलं जात असताना मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. त्याजागी ‘सर्व मानव’ असं यावं म्हणून त्या अडून बसल्या, आणि १९४८मध्ये जगाने त्यांचा शब्द स्वीकारला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. एका शब्दाने कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं, हे त्यांना कळत होतं.

अशा विद्यार्थ्याशी बोलताना ‘आलास’ म्हणायचं की ‘आलीस’? चुकलं तर?

मराठी क्रियापद लगेच लिंग विचारतं, त्यामुळे अडचण खरी आहे. पण वाट भाषेतच आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत फरक पडतो, ‘तुम्ही आलात’मध्ये पडत नाही. ‘तुम्ही बसलात’, ‘आपण जेवलात का?’ यांतही नाही. म्हणजे अहो-जाहो केलं की निम्मा प्रश्न मिटतो, आणि अनोळखी माणसाशी अहो-जाहो करणं ही आपली रीतच आहे.

आणि दुसरं म्हणजे, ऐका. समोरचं माणूस ‘मी आलो’ म्हणतं की ‘मी आले’, ते कानावर पडतंच. त्याने किंवा तिने स्वतःसाठी जे क्रियापद निवडलं तेच तुम्ही वापरायचं. विचारायची गरजसुद्धा पडत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका बैठकीत ‘मी आलो होतो’ऐवजी पहिल्यांदा ‘मी आले होते’ म्हटलं. क्षणभर खोलीत कुणी हललं नाही. मग शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली आणि म्हणाला, ‘मग पुढे काय केलंस? सांग ना, थांबलीस का?’ तिने बाटली घेतली, पण प्यायली नाही, नुसती धरून बसली, आणि पुढचं सांगितलं. चुकलं तर ‘माफ करा’ म्हणून दुरुस्त करा आणि बोलणं पुढे न्या. माफी लांबवली की तिलाच तुमची समजूत काढावी लागते.

आम्ही मराठी लोकच इथे थोडे. आमच्या मुलांचा विचार कोण करणार?

तुमच्या मुलांनाही ‘घाटी’ म्हणून चिडवलं जातं, मला माहीत आहे, माझ्या मुलालाही शाळेत चिडवलं होतं. ते चूकच आहे आणि आमच्या बैठकीत तेही बोललं जातं. २०१८मध्ये ९१वं मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हा मंडपात आपली भाषा ऐकून किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं! आपली भाषा घराबाहेर ऐकू येणं म्हणजे काय, हे आपल्याला कळतं. मग खासी किंवा स्वाहिली बोलणाऱ्या पोराला ते किती हवंसं वाटत असेल, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

अपंग विद्यार्थी?

२०१६च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. आमचं काम साधं असतं. बैठक तळमजल्यावर ठेवायची, आणि कर्णबधिर मुलं असतील तेव्हा बोलणाऱ्याने उजेडाकडे तोंड करून बसायचं.

भेदभाव किंवा छळ झाला तर कुठे जायचं?

आधी काय झालं ते त्याच दिवशी लिहून काढा, तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे. मेसेज पुसू नका. मग:

रॅगिंग असेल तर चोवीस तास चालणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२. अनेकांना माहीत नसतं, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. रंग, वंश, धर्म, जात, लिंग, तृतीयपंथी असणं, लैंगिक कल, दिसणं, राष्ट्रीयत्व, भाषा, प्रांत, आर्थिक स्थिती यांपैकी कशावरूनही केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ रॅगिंगच आहे. ‘चिनी’ म्हणून रोज चिडवणं यात बसतं.

लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार विद्यार्थी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीसुद्धा तक्रार करू शकतात. जातीवरून अपमान झाला तर कॉलेजच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे, आणि प्रकार गंभीर असेल तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत. एकट्याने जाऊ नका. आमच्यातलं कुणीतरी सोबत येतं, कचेरीच्या बाहेर बाकावर बसून राहतं. कधी कधी तेवढंच लागतं.

वसतिगृहात जागा नाही मिळाली. खोली शोधायला मदत कराल?

हो. आमच्याकडे एक दोनशेपानी वही आहे, काळ्या पुठ्ठ्याची. तो टांझानियाचा मुलगा नाड्या बांधून माझ्याबरोबर रिक्षात बसला, त्या रात्री मी ती काढली. पहिल्या पानावर चारच पत्ते होते. त्यांत एक आमचा स्वतःचा, माडीवरची खोली. तो मुलगा तिथे दोन वर्षं राहिला. आता वहीत रावपुऱ्यापासून कारेलीबाग, फतेगंज, निझामपुऱ्यापर्यंतची घरं आहेत. मराठी, गुजराती, सिंधी, ख्रिस्ती, मुस्लिम मालक आहेत. वहीत नाव यायला अट एकच: भाडेकरूची जात, धर्म, देश, रंग किंवा तो कोणासारखा दिसतो यावरून नकार द्यायचा नाही. घरात मांस शिजवायचं नाही अशी अट कुणी घातली तर ती आम्ही लिहून ठेवतो आणि मुलाला आधीच सांगतो. ती अट पटते की नाही, हे त्याने ठरवायचं. पण ‘शाकाहारीच हवा’ असं म्हणून आडनाव ऐकल्यावर नकार देणारी दोन घरं आम्ही वहीतून खोडली.

खोडलेलं अजून एक नाव होतं, त्या मेथीवाल्या बाईंचं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः फोन केला. भाचा दुबईला गेला, खोली रिकामी आहे म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, ‘कुणीही चालेल.’ नाव पुन्हा लिहिलं आहे. आता तिथे मिझोरामच्या दोन मुली राहतात.

आमच्या घरी एक खोली रिकामी आहे. काय करायचं?

फोन करा, दुपारी चारनंतर. आम्ही विचारू ते एवढंच: भाडं किती, अनामत किती, पाणी किती वाजता येतं, रात्री दरवाजा किती वाजता लावता, गॅस वापरू देणार का, आणि जिन्याला कठडा आहे का. बाहेरगावची मुलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात. त्याआधी कळवलंत तर बरं, कारण पहिल्या रात्री स्टेशनवर बॅगा घेऊन बसलेलं कुणी ना कुणी दरवर्षी असतंच.